दोन पापुद्र्यांमध्ये

टोमॅटोच्या खालच्या पानांवर पांढुरक्या रेघोट्या उमटल्या की आपल्याकडचा शेतकरी म्हणतो, नागअळी आली. रेघ वळणावळणाने जाते, मध्येच मागे फिरते, आणि सुरुवातीला केसासारखी बारीक असते ती शेवटी चांगली रुंद झालेली असते. बहुतेकांच्या लेखी ही रेघ म्हणजे पंप पाठीवर घेण्याची वेळ झाल्याची खूण. माझे म्हणणे एवढेच की ती आधी वाचावी. एका जिवाचे सबंध बाळपण, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, या रेघेत ओळीने नोंदलेले असते. तो किती वाढला, कोणत्या कुशीवर निजून जेवला, जगला की मेला, आणि मेला तर कोणामुळे, हे सगळे पान उन्हाकडे धरले की दिसते.

अळी म्हणतो खरे, पण ही पतंगाची अळी नव्हे, माशीची. लिरिओमायझा ट्रायफोलाय हे तिचे शास्त्रीय नाव. १८८० साली बर्जेस यांनी तिचे पहिले वर्णन केले, ते अमेरिकेत पांढऱ्या क्लोव्हरवर सापडलेल्या नमुन्यांवरून, आणि क्लोव्हरचे लॅटिन नावच तिला चिकटले. ही दोन मिलिमीटरांहूनही लहान असलेली माशी पिकात फिरताना कोणाच्या नजरेत भरत नाही. भिंगाखाली मात्र तिचे रूप स्पष्ट होते : पाठ राखाडीची झाक असलेली काळी, तिच्या मागच्या टोकाला पिवळी त्रिकोणी ढाल, डोके पिवळे. तिच्या जवळच्या नात्यातली लिरिओमायझा सटायव्ही दिसायला जवळजवळ अशीच. दोघींना वेगळे ओळखायचे तर डोळ्यामागचे दोन राठ केस पाहावे लागतात. ट्रायफोलायचे दोन्ही केस पिवळ्या जागेवर उगवतात, सटायव्हीचा बाहेरचा केस काळसर जागेवर. एवढ्यानेही समाधान झाले नाही तर नराचे जननांग सोडवून, स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. त्याच्या टोकाचा आकारच शेवटी जातीचा निवाडा करतो.

या माशीच्या शरीरातली सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट मला तिच्या तोंडात दिसते, किंवा खरे तर तोंडाच्या उणेपणात. तिचे तोंड फक्त टिपून घेणारे आहे. पान फोडण्याची ताकद त्यात नाही. पानात रस भरलेला आणि वर पापुद्रा बंद. ही अडचण मादीने शरीराच्या दुसऱ्या टोकाने सोडवली आहे. अंडी घालण्याची तिची नळी टोकदार आणि कणखर असते. पोट खाली वाकवून ती ही नळी पानात खुपसते, आडवीतिडवी फिरवून पंख्याच्या आकाराची खाच पाडते, मग मागे सरकून त्याच खाचेला तोंड लावते आणि पाझरलेला रस पिते. पानावर रेघ उमटण्याच्या आधी जे बारीक पांढरे ठिपके दिसतात ते हेच. अंड्यासाठीचे भोक वेगळे, अरुंद आणि नळीसारखे. ठिपके पुष्कळ असतात, पण बहुतेकांत अंडे नसते. नराजवळ हे हत्यारच नाही. मादीने पाडलेल्या खाचांत उरेल त्यावर तो जगतो.

म्हणजे जेवण आणि पारख ही या माशीची दोन वेगळी कामे नाहीत. ज्या अवयवाने ती पुढच्या पिढीची जागा ठरवते त्याच अवयवाने आजची भूक भागवते, आणि चव घेतल्याशिवाय पान पिल्लाच्या हवाली करत नाही. नराच्या वाट्याला पानाशी आणखी एक नाते आले आहे. लिरिओमायझाच्या नराच्या पोटाच्या कडेला बारीक दातऱ्यांची पट्टी असते आणि मागच्या मांडीवर ती घासणारी कड. तिच्या भावंडजातींपैकी एकीत, लिरिओमायझा हुईडोब्रेन्सिसमध्ये, नर आणि मादी पानातून जाणाऱ्या कंपनांनी एकमेकांना साद-प्रतिसाद देतात, हे अलीकडे संशोधकांनी नोंदले आहे. पान हे या जिवांचे अन्न, घर आणि निरोपाची वाट, तिन्ही एकदमच.

अंडे फुटले की आत निघते ती बिनपायाची, बिनडोक्याची अळी. डोके नाही म्हणजे आपल्याला ओळखू येईल असे काही नाही. पुढच्या टोकाला काळ्या आकड्यांची जोडी तेवढी असते, आणि तिला बळ देणारा छोटा सांगाडा आत दडलेला. टोमॅटोचे पान जेमतेम पाव मिलिमीटर जाड. त्याच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांमध्ये जी हिरवी पेशींची गादी असते तिच्या वरच्या थरात ही अळी कुशीवर आडवी होते. आडवी झाल्यामुळे आकडे पानाच्या पातळीतच डावीउजवीकडे फिरतात, आणि विळ्याने गवत कापणारा माणूस जसा कमानीत कापत पुढे सरकतो तशी ती सरकते. वरच्या पापुद्र्याला धक्का लागत नाही. ती अधूनमधून कूस बदलते आणि विष्ठेची काळी ओळही त्याबरोबर एकदा या कडेला, एकदा त्या कडेला पडते. रेघेची रुंदी वाढताना दिसते ती तिच्या तीन अवस्थांची, दोन वेळा कात टाकून वाढलेल्या अंगाची. पांढरेपणा असतो तो आत शिरलेल्या हवेचा, जिथून हिरवे काढून घेतले आहे तिथला.

अशा रेघा वाचण्याची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी पान पोखरणाऱ्या किड्यांवर बारकाईने लिहिले. विसाव्या शतकात बर्लिनच्या एरिष मार्टिन हेरिंग यांनी या अभ्यासाला शिस्त दिली. पोखरलेली पाने ते दाबून, वाळवून जपत, आणि नुसत्या रेघेवरून किड्याची जात ओळखण्याच्या सूच्या त्यांनी तयार केल्या. १९५१ साली त्यांचा पान पोखरणाऱ्यांच्या जीवनावरचा ग्रंथ इंग्रजीत आला. आणि रेघ किती टिकते म्हणाल, तर अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात सुमारे ६ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या खडकात चिनाराच्या गोत्रातल्या एका झाडाची पाने सापडली आहेत आणि त्यांच्यावर याच कुळातल्या माशीची रेघ आहे. डायनोसॉर नाहीसे होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. माशी उरली नाही, झाडाची जातही उरली नाही. उरले आहे त्या अळीचे जेवण.

पोट भरले की अळी वरच्या पापुद्र्याला अर्धचंद्राकृती चीर देते, बाहेर पडते आणि सहसा खाली मातीत पडून कोषात जाते. सगळ्याच पानमाश्या असे करत नाहीत. थंडीत वाटाण्यावर आणि मोहरीवर येणारी फायटोमायझा हॉर्टिकोला पानातच, रेघेच्या टोकाशी कोष करते आणि श्वास घेण्याची दोन टोके पापुद्र्यातून बाहेर काढून ठेवते. नागअळी मात्र जमिनीचा आसरा घेते. कोष म्हणजे तिचीच शेवटची कातडी, कडक आणि तांबूस-पिवळी झालेली. आतली माशी तयार झाली की हे कवच फोडायचे कसे? तिला दात नाहीत, नखे कोवळी. त्या वेळी तिच्या कपाळातून एक पिशवी बाहेर फुगते, कोषाचे झाकण उडवते, मातीचे कण बाजूला सारते, आणि माशी मोकळ्या हवेत आली की कायमची आत जाते. शृंगिकांच्या वरची कमानीसारखी फट ही तिची खूण, माशी मरेपर्यंत कपाळावर राहणारी. उन्हाळ्यात हा सगळा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो.

आता तिच्या यजमान वनस्पतींकडे वळतो, कारण खरे कोडे तिथे आहे. ॲग्रोमायझिडी या तिच्या कुळात सुमारे तीन हजार जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या एकनिष्ठ. एखादी एकाच वनस्पतीवर, एखादी एका प्रजातीवर, फार तर एका कुळावर. केनेथ स्पेन्सर या ब्रिटिश अभ्यासकाने आयुष्यभर हा हिशेब मांडला आणि १९९० साली जगातल्या पानमाश्यांच्या यजमानांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दूरदूरच्या कुळांतल्या झाडांवर सारख्याच जगणाऱ्या जाती त्यांना बोटांवर मोजण्याइतक्याच सापडल्या. ट्रायफोलाय त्यांतली एक. शेवंती, झेंडू, जर्बेरा, झिनिया ही एका कुळातली मंडळी तिची विशेष आवडती. त्यांच्या जोडीला टोमॅटो, बटाटा, वाल, चवळी, काकडी, भोपळा, भेंडी, कापूस, एरंड. अशा शेकडो वनस्पतींची नावे तिच्या खात्यावर आहेत.

या यादीकडे मी माशीची आवडनिवड म्हणून पाहत नाही. तिच्यातली कितीतरी नावे आपण जोडून दिलेली आहेत. १९७० च्या दशकात फ्लोरिडातून शेवंतीच्या छाट कलमांचा व्यापार जगभर चालला आणि पानांच्या आत बसून ही माशी केनियाला, युरोपला पोहोचली. आत बसलेली अंडी आणि नुकती जन्मलेली अळी वरून पाहणाऱ्याला दिसत नाही. तिला लपवणारा पापुद्रा हाच तिचा परवाना ठरला. भारतात ती १९९० च्या सुमारास आली आणि हैदराबादच्या बाजूला एरंडीवर तिने हाहाकार केला. एरंड आफ्रिकेच्या बाजूचा, टोमॅटो आणि झेंडू तिच्याच अमेरिकेतले, चवळी पुन्हा आफ्रिकेची. दख्खनच्या एका बांधावर ही सगळी झाडे शेजारी-शेजारी उभी आहेत ती माणसाने पेरली म्हणून. चव घेऊन पारखणारी माशी या शेजारात आली आणि तिने जे जे चालेल ते ते स्वीकारले. त्यातही ती भेद करतेच. शेवंतीच्या मानाने टोमॅटोवर तिची अंडी पुष्कळ कमी असतात.

फवारणीचा इतिहासही याच व्यापाराबरोबर चालत आला. फ्लोरिडात एकामागून एक औषधे काही वर्षांतच निकामी झाली, कारण माशी त्यांना सरावली आणि तिचे शत्रू मात्र मेले. हे शत्रू म्हणजे तिच्याहून मोठ्या नसलेल्या, धातूसारख्या चमकणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या. डिग्लिफस इसिया ही त्यांतली नामांकित. तिची मादी पापुद्र्यावरून चालत आतल्या अळीचा माग काढते, वरूनच नांगी मारून तिला निश्चल करते आणि शेजारी अंडे घालते. पिल्लू अळीला बाहेरून खाऊन संपवते, आणि मग कोषात जाण्याआधी आपल्याच विष्ठेचे छोटे काळे खांब उभारते, म्हणजे वाळणारा पापुद्रा त्याच्यावर कोसळत नाही. मध्येच तुटलेली रेघ, तिच्या टोकाला मेलेल्या अळीचे उरलेसुरले काळपट अवशेष आणि भोवती हे ठिपक्यांसारखे खांब दिसले, तर त्या पानावर फवारून मरणार आहे तो आपला मित्रकीटक. शेवटी अर्धचंद्राची चीर दिसली तर आत कोणीच नाही. अशा पानावर औषध मारण्यात मला पैशाच्या नासाडीहून अधिक काही चुकते असे वाटते. आपण वाचता येत असलेली गोष्ट न वाचता पुसतो.

आणि वाचन अजून पुरे झालेले नाही. अमेरिकेतल्या सोंजा शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या ट्रायफोलायचा जनुकीय वारसा तपासला, तेव्हा मिरचीवर राहणाऱ्या माश्यांची शाखा बाकीच्यांपासून स्पष्ट वेगळी निघाली. ज्या जातीला आपण सर्वभक्षी म्हणतो तिच्या नावाखाली कदाचित एकाहून अधिक, आपापल्या झाडाशी बांधलेल्या जाती वावरत असतील. दोन केसांच्या जागेच्या रंगावरून आणि नराच्या अवयवावरून हा भेद कळत नाही. म्हणून माशी टाचणीवर चढवताना किंवा मद्यार्कात ठेवताना ती कोणत्या झाडावरून उचलली हे चिठ्ठीवर लिहावे लागते, आणि शक्य असेल तर हेरिंग करत तसे तिचे पोखरलेले पानही दाबून तिच्या शेजारी ठेवावे लागते.