बुक पिक्चर, पेशंट पिक्चर

नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलवर शेवटच्या वर्षाची प्रेझेंटेशन्स जवळ आली की ते कॅलेंडर न पाहताही कळते. मेसच्या टेबलांवर कार्डशीट पसरलेले असतात, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंगसाठी रांग लागते आणि आरशासमोर उभी राहून एखादी मुलगी ‘गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड मॅडम’ची दहावी तालीम करत असते. फाईलमध्ये लाल आणि निळ्या पेनाने हृदय रेखाटलेले असते, त्याला स्केचपेनची किनार असते. तीन-चार वर्षांच्या शिक्षणाचा कस ज्या वीस मिनिटांत लागायचा, त्यांची तयारी अशी चाललेली असते.

केस प्रेझेंटेशनच्या या फाईलमध्ये एक पान हमखास असते. दोन रकाने, डावीकडे ‘बुक पिक्चर’, उजवीकडे ‘पेशंट पिक्चर’. पुस्तकात या आजाराची लक्षणे कोणती दिली आहेत आणि आपल्या पेशंटमध्ये त्यांपैकी कोणती दिसली, हे समोरासमोर मांडायचे. कल्पना मोठी नामी आहे. पुस्तक आणि माणूस यांच्यात फरक असतो, तो शोधायलाच परिचारिका वॉर्डात जाते, हे या एका पानाने सांगितले आहे. प्रत्यक्षात मात्र डावा रकाना ओळींमागून ओळींनी भरलेला असतो आणि उजव्यात बरोबरच्या खुणा असतात. लक्षण आहे की नाही, एवढेच. शेवटच्या वर्षाच्या मूल्यमापनाचे सगळे दुखणे या खुणांमध्ये आहे: गुण डाव्या रकान्याला मिळतात आणि नोकरी उजव्या रकान्यात करायची असते.

समजा, कॉट नंबर ९ वर साठीचा एक शेतकरी आहे. पंधरा वर्षांचा मधुमेह, उजव्या तळव्याला न भरणारी जखम. विद्यार्थिनी त्याच्याशी बोलते तेव्हा तो सांगतो, “चप्पल कधी निसटली ते कळतच नाही बघा. घरी आल्यावर लेक म्हणते, आबा, एकच चप्पल आहे पायात.” हे वाक्य म्हणजे अर्धे निदान आहे. न्यूरॉलॉजीचे शिक्षक आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न मुद्दाम विचारायला शिकवतात: चप्पल निसटते तेव्हा निसटल्याचे कळते का? कळत असेल तर पायाची ताकद गेलेली असू शकते, कळत नसेल तर संवेदना. ही तपासणी चपलेच्या देशातली आहे. बुटांच्या देशात तिचा उपयोग नाही.

स्लाइडवर या वाक्याचे काय होते? ‘नम्बनेस ओव्हर बोथ फीट.’ चूक काहीच नाही. पण चप्पल गेली, लेक गेली आणि त्यांच्यासोबत केअर प्लॅनही गेला. कारण ते वाक्य जसेच्या तसे राहिले असते तर पुढची पावले त्यातूनच निघाली असती: दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने तळव्याची संवेदना तपासणे, मागे पट्टा असलेली एमसीआर रबराची चप्पल सुचवणे, रोज रात्री तळवा पाहण्याचे काम लेकीवर सोपवणे आणि बांधावर अनवाणी जाऊ नका, हे नुसते सांगून न थांबता ते अनवाणी का जातात हे विचारणे. त्याऐवजी फाईलमध्ये ‘त्वचेची अखंडता बिघडणे’ हे छापील नर्सिंग डायग्नोसिस येते, त्याखाली सीनियरच्या फाईलमधून उतरलेल्या सहा कृती येतात आणि शेवटच्या इव्हॅल्युएशनच्या रकान्यात ‘गोल पार्शली मेट’. महाराष्ट्रातल्या केअर प्लॅनमधली किती उद्दिष्टे आजवर अंशतः साध्य झाली असतील, याची मोजदाद कोणीतरी करायला हवी.

रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी, हे केस हिस्टरीचे प्रत्येक पुस्तक सांगते. मराठी रुग्णाचे शब्द मात्र फाईलपर्यंत पोहोचत नाहीत. ‘जीव घाबरा होतो’ याला इंग्रजीत एक शब्द नाही. त्यात धाप असेल, धडधड असेल, नुसती भीती असेल, किंवा रक्तातली साखर उतरू लागल्याची पहिली चाहूलही असेल. ‘पित्त झालंय’ म्हणणाऱ्या बाईला खरेच पित्त झालेले असते, आणि कधी तो हृदयविकाराचा झटका असतो. लातूर, नंदुरबार किंवा सावंतवाडीहून आलेल्या विद्यार्थिनीला हे शब्द आजीकडून मिळालेले असतात. तिच्या हाती ही आयती भाषा असते, आणि शेवटच्या परीक्षेत तिला नेमकी हीच बाहेर ठेवावी लागते. समोर बसलेल्या परीक्षकांपुढे ती इंग्रजी वाक्ये आठवत उभी असते. ती अडखळली की ‘कॉन्फिडन्स कमी’ असा शेरा पडतो.

इंग्रजी नको, असा याचा अर्थ नव्हे. औषधांची लेबले, डॉक्टरांचे आदेश, मॉनिटरचे आकडे, पुढे परदेशी जायचे असेल तर तिथल्या परीक्षा, हे सारे इंग्रजीतच आहे. बुक पिक्चरही हवेच. आजाराची प्रक्रिया न कळलेली परिचारिका प्रेमळ असली तरी धोक्याची. हरकत आहे ती एकाच गोष्टीला. इंग्रजी नीट बोलता येणे आणि पेशंट कळणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत आणि गुणपत्रकात त्यांची सरमिसळ होते.

ही सरमिसळ जुनी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये अमेरिकी सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे स्वतंत्र गुण द्यायचे होते. पण एका बाबतीत चांगला वाटलेला माणूस सगळ्याच बाबतींत चांगला ठरत होता. त्याच्याही आधी, १९१२ मध्ये, डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुणांत तीसहून अधिक गुणांचे अंतर पडले. लिहिलेल्या, पुन्हा वाचता येणाऱ्या उत्तरपत्रिकेची ही कथा. वीस मिनिटांत हवेत विरून जाणाऱ्या प्रेझेंटेशनचे काय सांगावे? तिथे इस्त्री केलेला युनिफॉर्म, घट्ट अंबाडा आणि न थरथरणारा आवाज यांचे तेज ज्ञानाच्या रकान्यातही पडते.

गंमत म्हणजे आधुनिक नर्सिंग शिक्षणाच्या उगमापाशी असलेले गुणपत्रक याहून धारदार होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा मेट्रन सारा वॉर्ड्रोपर प्रत्येक मुलीचा मासिक तक्ता भरत असे. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासार्हता हे एका बाजूला. जखम बांधणे, बिछाना घालणे हे दुसऱ्या बाजूला. त्यात ‘आजाऱ्याचे निरीक्षण’ असा स्वतंत्र मथळा होता. शेरे होते उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे आणि शून्य. चारित्र्यावरचा त्या तक्त्याचा भर आज खटकेल, खटकायलाच हवा. पण निरीक्षण हे वेगळे कौशल्य आहे, ते वेगळे मोजावे लागते आणि त्यात शून्यही मिळू शकते, एवढे त्या काळी स्पष्ट होते. नाइटिंगेलच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्येही रुग्णाच्या निरीक्षणावर आख्खे प्रकरण आहे. रात्री झोप बरी लागली का, असल्या मोघम प्रश्नावर ती त्यात तुटून पडते. किती तास झोप झाली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी, असे विचारा म्हणते. एकशेसाठहून अधिक वर्षांनी आपल्या फाईलमध्ये ‘स्लीप : डिस्टर्ब्ड’ एवढेच लिहिलेले आढळते.

दुसरे मोठे प्रेझेंटेशन म्हणजे बी.एस्सी.च्या शेवटच्या टप्प्यातला संशोधन प्रकल्प. त्याचे शीर्षक ओळखीचे असते: अमुक गटामध्ये तमुक विषयाच्या ज्ञानावर संरचित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. पन्नास-साठ जणांना प्रश्नावली द्यायची, मग तासाभराचा पाठ आणि आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा. गुण वाढतात. ते वाढणारच, ज्याला ज्या प्रश्नांची उत्तरे शिकवली त्याला तेच प्रश्न विचारले आहेत. तुलनेसाठी दुसरा गट सहसा नसतो. ‘पी’ची किंमत ०.०५ च्या खाली येते, दंडालेख रंगतात, टाळ्या पडतात. निकाल आधीच ठाऊक असलेल्या प्रयोगाला संशोधन का म्हणायचे, हा प्रश्न परीक्षकांनी विचारला तर बिचाऱ्या गटाची बोबडी वळेल. पण तो विचारला जात नाही, कारण परीक्षकांनीही आपल्या वेळी तसाच प्रकल्प केलेला असतो.

हात धुण्याचाच विषय घ्या, कारण तो पुन्हा पुन्हा निवडला जातो. प्रसूतीपूर्वी डॉक्टरांनी हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू घटतात, हे इग्नाझ सेमेलवाइसने व्हिएन्नात १८४७ मध्ये दाखवले. हात कधी स्वच्छ करायचे त्याचे पाच क्षण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत आहेत आणि आज ते रुग्णालयांच्या भिंतींवर चिकटवलेले असतात. माहितीचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो बेसिनचा, साबणाचा, वेळेचा. पाच मुलींनी एका वॉर्डात दोन तास उभे राहून हात धुण्याचे क्षण किती आले, त्यांपैकी कितींदा हात खरोखर धुतले गेले आणि बेसिन कॉटपासून किती पावलांवर होते, एवढे मोजले तरी त्या रुग्णालयाला उपयोगी पडेल अशी गोष्ट हाती लागेल. अशा प्रकल्पाचा निकाल आधी माहीत नसतो. तो वॉर्डच्या सिस्टरला आवडेलच असेही नाही. आणि नेमकी म्हणूनच त्याची तयारी करताना विद्यार्थिनी काहीतरी शिकेल: परवानगी कशी घ्यायची, कोणाचे नाव न घेता निष्कर्ष कसा मांडायचा, स्वतःच्या मोजणीवर शंका कशी घ्यायची.

सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. परीक्षकाच्या लहरीवर उतारा म्हणून रोनाल्ड हार्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी येथे वेगवेगळ्या ‘स्टेशन’वर ठरावीक वेळ आणि ठरावीक निकषतक्ता असलेली परीक्षा रचली आणि १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तीच ‘ऑस्की’. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये क्षमतेची चार पायऱ्यांची उतरंड मांडली: माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, करून दाखवतो आणि प्रत्यक्षात करतो. भारतीय नर्सिंग परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी.चा अभ्यासक्रम सेमिस्टर पद्धतीवर आणला, तेव्हा ऑस्कीला अंतर्गत मूल्यमापनात जागा दिली. चांगलेच झाले. पण ऑस्कीही तिसऱ्या पायरीवर थांबते. पाच मिनिटांच्या स्टेशनवर विद्यार्थिनी हात धुऊन दाखवते. रात्रपाळीत चाळीस पेशंटमागे दोन सिस्टर असताना ती काय करेल, ते तिथे दिसत नाही. केस प्रेझेंटेशनचे बळ खरे तर इथेच होते. एका माणसाबरोबर काढलेले चार-पाच दिवस, त्यातले चढउतार, चुकलेला अंदाज हे फक्त त्यातच मावते. आपण त्याची आरास केली.

शिवाय नापास करण्याचा प्रश्न आहे. स्कॉटलंडमध्ये कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे वॉर्डातले मूल्यमापन करणाऱ्यांचा अभ्यास केला. शंका असूनही अनेकजण विद्यार्थ्याला पुढे ढकलत होते, असे त्यांना आढळले. संशयाचा फायदा द्यायचा, पुढच्या पोस्टिंगमध्ये सुधारेल म्हणायचे. आणि शेवटच्या वर्षी कळले तर आता कुठे अडवायचे, असा विचार करायचा. आपल्याकडे त्यात फीसाठी काढलेले कर्ज, घरच्यांची वाट आणि कॉलेजच्या निकालाची टक्केवारी यांची भर पडते. मॅडमचा हात कापतो, हे माणुसकीला धरूनच आहे. म्हणून तर शंका पहिल्या वर्षी नोंदवली जायला हवी. शेवटचे प्रेझेंटेशन हा चाळणीचा पहिला प्रसंग असता कामा नये.

मग परीक्षकांनी करायचे काय? एक साधी गोष्ट: स्लाइड सुरू होण्याआधी कॉटपाशी जाऊन यायचे. पाच मिनिटे. पेशंटची संमती घेऊन त्याच्याशी दोन वाक्ये बोलायची, त्याच्या पायाशी लावलेला चार्ट बघायचा. यावर लगेच उत्तर येते की एका दिवसात वीस-पंचवीस मुली उरकायच्या असतात, बाहेरच्या परीक्षकांना संध्याकाळची गाडी असते. अडचण खरी आहे. पण तेवढाच वेळ शरीररचनेच्या स्लाइड ऐकण्यात जातो, आणि ती शरीररचना पहिल्याच वर्षी लेखी परीक्षेत तपासून झालेली असते. त्या स्लाइड सरळ गाळाव्यात. गुणांचा मोठा वाटा बोलून झाल्यानंतरच्या प्रश्नांना द्यावा आणि मराठी पेशंटबद्दलची उत्तरे मराठीत देण्याची मुभा असावी. पेशंट आदल्या दिवशी घरी गेला असेल तरी हरकत नाही. त्याच्याबद्दल असा एखादा प्रश्न विचारता येतो, ज्याचे उत्तर कुठल्याही सीनियरच्या फाईलमध्ये सापडणार नाही.

उदाहरणार्थ, कॉट नंबर ९ च्या आबांना डिस्चार्ज मिळाला, तेव्हा ते पायात काय घालून गेले?