मुकुटाची मागची बाजू

बायझंटाइन पोशाख नव्याने शिवू पाहणारा माणूस आज ना उद्या इटलीतल्या रावेन्नाला येऊन थांबतोच. तिथल्या सान व्हिताले चर्चची प्रतिष्ठापना ५४७ साली झाली, आणि त्याच सुमारास सम्राज्ञी थिओडोरा रंगीत तुकड्यांनी भिंतीवर घडवली गेली. जांभळा झगा, त्याच्या काठावर बाळ येशूसाठी भेटी घेऊन निघालेले पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष, खांदे झाकणारा रत्नजडित गळपट्टा, मुकुटाच्या दोन्ही बाजूंनी छातीपर्यंत उतरलेले मोत्यांचे सर. सगळं इतकं स्पष्ट दिसतं, की आता फक्त कापड बेतायचं बाकी आहे असं वाटावं.

कात्री हातात घेतली की खरे प्रश्न सुरू होतात. चित्राला पाठ नसते. मुकुट मागून कसा होता? आत कापडी टोपी होती की नुसतं धातूचं कडं? एवढं ओझं डोक्यावर तोलून मान वळत कशी होती? थिओडोरा रावेन्नाला आल्याची नोंद नाही. कारागिराने बाईपेक्षा तिचं पद घडवलं, आणि पद दाखवायला पुढची बाजू पुरते.

मग इतर वस्तूंकडे वळावं लागतं. बुडापेस्टमधल्या हंगेरीच्या पवित्र मुकुटाचा खालचा भाग बायझंटाइन आहे, १०७० च्या दशकातला. त्याला दोन्ही बाजूंना चार-चार साखळ्या लोंबतात आणि एक मागे! पालेर्मोत १२२२ साली वारलेल्या राणी कॉन्स्टन्सच्या थडग्यात सापडलेला मुकुट तर चक्क टोपीच्या घाटाचा आहे, बायझंटाइन वळणाचा. पण या वस्तू आणि थिओडोरा यांच्यात पाच ते सात शतकं आहेत. त्यांच्या आधाराने तिच्या मुकुटाला मागची साखळी लावणं हा अंदाज आहे, आणि तो अंदाज म्हणूनच मांडला पाहिजे. पुरावा कुठे संपला आणि शिवणाऱ्याचा निर्णय कुठे सुरू झाला हे दाखवणारा पोशाख मला गुळगुळीत, परिपूर्ण पोशाखापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. प्लास्टिकच्या मोत्यांना माझा विरोध आहे तो याचसाठी. ते दिसतात हुबेहूब, पण वजनाला हलके असतात, आणि मान कशी वळत असेल हा प्रश्नच मिटवून टाकतात.

लिखित साधनंही इथे फारशी मदत करत नाहीत. चौदाव्या शतकातला दरबारी रीतिरिवाजांचा एक ग्रंथ कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या रंगाची टोपी घालायची हे बारकाईने सांगतो. ती बनवायची कशी, ते सांगत नाही. इस्तंबूलच्या कारिये इमारतीत, म्हणजे पूर्वीच्या मठाच्या चर्चमध्ये, भिंतीवरच्या चित्रात त्याच शतकातला मंत्री थिओडोर मेटोखितिस ख्रिस्तासमोर गुडघे टेकून चर्चची प्रतिकृती अर्पण करतो आहे. डोक्यावर पांढऱ्या-सोनेरी पट्ट्यांची, फुगलेली अवाढव्य टोपी. देवापुढेही ती उतरलेली नाही. वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर ती टिकायची तर आत हलका सांगाडा असावा, असं मला वाटतं. पण ते करून पाहिल्याशिवाय पटणार नाही. १३२८ मध्ये सम्राट पदच्युत झाला, तसं मेटोखितिसचं पदही गेलं. पुढे याच मठात तो साधू होऊन राहिला.

आणि ज्यांना पदच नव्हतं, त्यांचं काय? इजिप्तच्या कोरड्या वाळूत, तो प्रांत साम्राज्यात होता त्या काळातले साधे अंगरखे टिकले आहेत. त्यांतले कित्येक मागावर अखंड विणलेले आहेत. त्यांच्यासोबत केस बांधायच्या जाळीदार टोप्याही सापडतात. दोन टोकांना ताणलेल्या धाग्यांना हाताने पीळ देत त्या विणल्या जात. एका टोकाला घातलेला पीळ दुसऱ्या टोकाला आपोआप उलट दिशेने उमटतो, म्हणून टोपी दोन्हीकडून मध्याकडे वाढत जाते. ही टोपी हातात घेता येते, उलटून आतून बघता येते, तिचे धागे मोजता येतात. या वेशभूषेचा अभ्यास करू म्हणणाऱ्याला मी आधी तीच विणायला सांगेन. थिओडोराचा मुकुट त्यानंतर.