क्षमा आणि खटला

ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात मनोहरपूर नावाचं गाव आहे. 22 जानेवारी 1999च्या रात्री तिथे उभ्या असलेल्या एका गाडीत ग्रॅहम स्टेन्स आपल्या दोन मुलांना घेऊन झोपले होते. फिलिप दहा वर्षांचा होता, टिमथी सहा. मध्यरात्रीनंतर जमावाने ती गाडी पेटवली. तिघेही जळून गेले. हा ऑस्ट्रेलियन माणूस 1965 साली ओडिशात आला होता आणि बारीपदा इथे कुष्ठरोग्यांची सेवा करत होता. मागे राहिल्या त्या पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी एस्तर. मारेकऱ्यांना आपण क्षमा केली आहे, असं ग्लॅडिस यांनी काही दिवसांतच जाहीर केलं.

हे अनेकांच्या पचनी पडलं नाही. आजही पडत नाही, अगदी ख्रिस्ती माणसांच्याही. दोन लेकरं जाळणाऱ्यांना इतक्या लवकर क्षमा? हा प्रश्न मला रास्त वाटतो. तो टाळून ख्रिस्ती क्षमेबद्दल बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मात्र त्या क्षमेपुढचा इतिहास पाहायला हवा. खटला थांबला नाही. 2003 मध्ये मुख्य आरोपी दारासिंगला फाशीची शिक्षा झाली, 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि जानेवारी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नका, असं ग्लॅडिस यांचं म्हणणं होतं. न्याय करणं हे न्यायालयाचं काम होतं आणि ते त्यांनी न्यायालयावर सोडलं. त्यांनी सोडला तो सूड. त्या लगेच ऑस्ट्रेलियाला परत गेल्या नाहीत. 2004पर्यंत बारीपद्यातच राहिल्या, कुष्ठरोग्यांचं काम त्यांनी चालू ठेवलं.

या वृत्तीचं मूळ मत्तयच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात आहे. भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा पुरे का, असं पेत्र विचारतो. येशू त्याला एका चाकराची गोष्ट सांगतो. राजाने या चाकराचं प्रचंड कर्ज माफ केलेलं असतं, आणि तो बाहेर पडून शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याची मानगूट धरतो. प्रवचनांत या शंभर दिनारांना सर्रास किरकोळ रक्कम म्हणतात. ते चूक आहे. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त दिवस राबून मिळणारे पैसे, ज्यांच्यावर गरिबाचं घर चालतं. तुझं नुकसान क्षुल्लक आहे, असं येशू कुठेच म्हणत नाही. उलट तो हिशेब मांडतो. चाकराला माफ झालेले दहा हजार तलांत म्हणजे सुमारे सहा कोटी दिवसांची मजुरी. तुझं घेणं खरं आहे, पण तुला त्याहून कितीतरी अधिक माफ झालेलं आहे, ते विसरू नकोस. श्रद्धावंत माणूस क्षमा करतो तो या जाणिवेतून. तो समोरच्यापेक्षा थोर असतो म्हणून नव्हे.

तरीही मन ऐकत नाही. कोरी टेन बूम यांनी हे फार प्रामाणिकपणे सांगितलं आहे. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या त्यांच्या घड्याळवाल्या कुटुंबाने ज्यूंना घरात लपवलं, म्हणून 1944 मध्ये त्यांना अटक झाली. राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत कोरी यांची बहीण बेट्सी मरण पावली. युद्धानंतर 1947 मध्ये म्युनिकमध्ये कोरी क्षमेवर बोलल्या, आणि सभा संपल्यावर त्या छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून समोर उभा राहिला. त्यांचा हात उचलेना. मनात त्याच्याविषयी काडीचंही प्रेम नव्हतं. त्यांनी देवाकडे मागणं केलं आणि निर्जीवपणे हात पुढे केला. मनातली ऊब त्यानंतर आली. म्हणून क्षमा वाटण्याची वाट पाहत बसू नये, असं मला वाटतं. आधी कृती करावी लागते. कधी कधी मन वर्षानुवर्षं मागे रेंगाळतं आणि रोज सकाळी तोच निर्णय पुन्हा घ्यावा लागतो. पेत्राला ‘सात वेळा’ पुरणार नाहीत असं उत्तर मिळालं, त्यातला एक अर्थ मला हाही दिसतो: एकाच जखमेसाठी अनेकदा क्षमा करावी लागते.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलं उदाहरण तर याहून जवळचं आहे. उदयनगरच्या गरीब आदिवासींना सावकारांच्या विळख्यातून सोडवू पाहणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसच्या प्रवासात, इतर प्रवाशांदेखत समुंदर सिंग याने हत्या केली. 2002च्या रक्षाबंधनाला राणी मारिया यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याच्या हाताला राखी बांधली. राणी मारिया यांच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले आणि 2006 मध्ये तो सुटला. इथे आधी शिक्षा झाली होती, पश्चात्ताप झाला होता, वर्षं गेली होती. क्षमा केली तेव्हा ग्लॅडिस यांच्या वाट्याला यातलं काही आलेलं नव्हतं. क्षमेचा एकच साचा नसतो.

मग शांती म्हणजे काय? योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू दारं बंद करून बसलेल्या शिष्यांमध्ये येतो, त्यांना शांतीचं अभिवादन करतो आणि लगेच हात व कूस दाखवतो. खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. ख्रिस्ती शांतीचं इतकं खरं चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही. व्रण पुसले जात नाहीत, पण मनात धरलेला डूख आता माणसाचे दिवस ठरवत नाही. ज्याने आपलं वाईट केलं तो झोपताना, उठताना, जेवताना सोबत नसतो. हे सुख फार मोठं आहे, आणि ते मिळवण्यासाठी समोरच्याने माफी मागावीच लागते असं नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती मी आपल्या पाळकांना, फादरांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगतो. ही क्षमा ज्याची त्याने करायची असते. ती दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. नवऱ्याचा मार खाऊन तुमच्या दारात आलेल्या बाईला ‘क्षमा कर आणि घरी जा’ असं सांगू नका. तिच्यासोबत आधी पोलीस ठाण्यात जा, तिच्या राहण्याची सोय करा. क्षमेचं तिचं ती देवाशी बोलेल, तिला वाटेल तेव्हा.