कुरकुर कोठून येते?



सोयगावात सपाट रस्त्यावर माझी सायकल मुकाट चालते. फर्दापूर मागे टाकून अजिंठ्याचा घाट चढू लागलो की कुरकुरते. भार पडल्यावाचून तिचा दोष बोलत नाही.

आपण काय करतो? चेनवर तेल ओततो. त्यावर धूळ बसते, कुरकुर तशीच. आधी शोध घ्यावा. पायडल थांबवून सायकल नुसती पळू द्या. आवाज थांबला तर दोष पायडल, क्रँक वा चेनचा. सीटवरून उठून पायडल मारा. थांबला तर सीटचा. प्रत्येक फेऱ्याला एकदाच 'कट्' वाजत असेल तर कॉटर पिन पाहा. सैल असेल तर ठोकून नट आवळावा, झिजली असेल तर सरळ बदलावी. तथागतांनीही दुःख सांगून लगेच मार्ग सांगितला नाही. आधी दुःखाचे कारण दाखविले.

रविवारच्या वंदनेत आपला धम्मही मुकाट चालतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहेत. त्यांत समता आहे. पण बहिणीला स्थळ आले तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पोटजात कोणती?" मी पदवीधर, मास्तर! आजवर दोष समाजाच्या अज्ञानाला देत आलो. ते चेनवरचे तेलच.

आई चुलीपासून म्हणाली, "गुरुजी, शाळेत पोरांना काय शिकवता?"

पाहुण्यांना पुन्हा निरोप धाडला आहे. रविवारी येतील.