खड्ड्याचा धनी
निर्गमाच्या २१व्या अध्यायात एक नियम आहे. कोणी खड्डा खणून झाकला नाही व त्यात परक्याचा बैल वा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या धन्याने किंमत भरावी. मेलेले जनावर मात्र त्याचे. केवढा चोख हिशेब! दोष आहे तो न झाकण्यात; म्हणून ‘खड्डा पावसाने केला’ ही सबब येथे टिकत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख रुपये देण्याचा व ते दोषी अधिकारी, ठेकेदारांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. मोडलेल्या मोटारींविषयी तो नाही. न्याय मात्र तोच लागावा. पालिकेने करातून भरपाई दिली, तर बैल गमावलेल्यानेच बैलाची किंमत मोजली असे होते. ठेकेदाराच्या अनामत रकमेतून ती का वळती होऊ नये?