रंध्याचा कोरडा कडा

धबधबा पाहावयास जावे आणि तिथे धबधबाच नसावा, ही फजिती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हे. पण ती मनातून जात नाही, म्हणून सांगतो.

लोअर परळच्या आमच्या चाळीतले तात्या आणि मी मार्चमध्ये भंडारदऱ्यास गेलो. तात्या साचेखात्यातले, १९८२ च्या संपात नोकरी गेली. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटीवरून एस.टी. रंध्याला प्रवरा दीडशे फुटांहून खोल उडी घेते, असे ऐकून होतो. पाहिला तो काळा कातळ आणि त्यावरून ओघळणारी करंगळीएवढी धार. धरणातून आवर्तन सुटले नव्हते.

"एवढ्या लांब येऊन हे?" मी कुरकुरलो.

"मास्तर, पाणी सुटलं असतं, तर आपल्या आधी माझ्या बहिणीला कळलं असतं," तात्या म्हणाले. बहिणीचे शेत खाली पाटाच्या शेवटाला आहे.

विल्सन धरण १९२६ चे. तेव्हापासून पावसाळा सरला की प्रवरा स्वतःच्या मर्जीने कोसळत नाही. जपानातला निक्कोचा केगोन हा ९७ मीटरांचा धबधबा. त्याचेही पाणी वरच्या चुझेन्जी सरोवराच्या दारांतून मोजूनच सोडतात. किल्लीने चालणारे सौंदर्य खरे की खोटे, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कातळ खरा आहे, पाणी खरे आहे. प्रश्न वेगळाच आहे: ते पाणी कोणाचे?

आधी शेत, मग डोळे, असे उत्तर मी तिथल्या तिथे देऊन टाकले आणि स्वतःवर खूषही झालो. परतीच्या गाडीत मात्र ते उत्तर मलाच संशयास्पद वाटू लागले. १८९२ पासून मुंबईला तानसाचे पाणी येते. तो तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. गरज हाच न्याय असेल, तर माझा नळ त्यांच्या आधी का वाहतो? रंध्याला माझे जायचे होते ते एक दृश्य. तेवढ्यापुरता मी न्यायी झालो होतो!

तात्यांना हे बोललो. त्यांना ते पटले की नाही, कोण जाणे.

"माझ्या बहिणीनं तो धबधबा अजून बघितला नाही," ते एवढेच म्हणाले. "तिचंच पाणी, पण पडताना बघितलं नाही. एकदा आणायचंय तिला."

"मग आवर्तन सुटेल तेव्हा आणा ना!"

"तेव्हाच तर तिला रात्रंदिवस शेतात दारं धरावी लागतात," तात्या म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.