कुऱ्हाड घेण्याआधी

ट्रॉम्बे,
मार्गशीर्ष

चि. नातीस,

तू पाठवलेला फोटो पाहिला. काळं पातं, नारिंगी रबरी मूठ, पात्याच्या मागे हातोडी, मध्ये बाटलीचं झाकण उघडायची खाच, आणि दांडा पोकळ करून त्यात काड्यापेटीची सोय. इतकी कामं एका अवजाराच्या गळ्यात घातली की त्यातलं एकही धड होत नाही. वर्कशॉपमध्ये नोकरी काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तुला सांगतो, कारण पैसे तुझे जाणार आहेत आणि नडगीही तुझीच आहे.

आधी नडगीचंच बोलू. आखूड कुऱ्हाड लहान म्हणून निरुपद्रवी वाटते, पण आहे उलटं. लांब दांड्याच्या कुऱ्हाडीचा घाव चुकला तर पातं बहुतेक वेळा पुढे जमिनीत रुततं. आखूड दांड्याचा चुकला की पातं त्याच झोकात आपल्या पायाकडे येतं. म्हणून ती उभ्याने चालवायचीच नाही. गुडघे टेकायचे, फोडायच्या लाकडाखाली जाड ओंडका घ्यायचा, म्हणजे चुकलेला घाव ओंडक्यात नाहीतर मातीत जातो. व्हिडिओतले दाढीवाले उभ्याने सपासप घाव घालतात, ते कॅमेऱ्यासाठी.

आता पोलाद. साध्या लोखंडी पट्टीत कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असतो. ती लालबुंद तापवून कितीही वेळा पाण्यात बुडव, कुऱ्हाडीला लागतो तसा कडकपणा तिला येत नाही; दोन गाठी फोडल्या की धार दुमडते. गावचे लोहार ट्रकचा जुना कमानपाटा शोधत असतात ते याचसाठी. त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. तो इतका तापवायचा की चुंबकाला चिकटेनासा होतो, म्हणजे साधारण ७७० अंशांच्या वर, आणि मग विझवायचा. विझवलेलं पातं कडक होतं, पण ठिसूळही. म्हणून ते घासून चकचकीत करून पुन्हा हलकं तापवतात. तेव्हा त्यावर रंग चढत जातात: २३० अंशांच्या आसपास गवती पिवळा, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. पिवळ्यावर थांबलं तर धार पुष्कळ टिकते, पण गाठीवर आपटली की तिचे तुकडे उडू शकतात. कुऱ्हाडीला जांभळा ते निळा बरा. आमच्याकडे हे काम भट्टीवरचा तापमापक लावून व्हायचं. भात्यासमोर बसलेला घिसाडी नुसत्या नजरेने तेच करतो, आणि चांगला असेल तर फारसा चुकत नाही.

दुकानात तुला रंग दिसणार नाहीत. बारीक कानस बरोबर ने आणि दुकानदाराला विचारून धारेवर एकदा फिरव. कानस नुसतीच घसरली तर पातं फार कडक. लोण्यातून गेल्यासारखी गेली तर फार मऊ. जोर लावल्यावर धरत धरत चालली, तर ते घ्यावं. पात्याचं वजन सहाशे-सातशे ग्रॅम, दांडा १४ ते १६ इंच. पाठपिशवीतून न्यायला याहून मोठी नको.

दांड्याकडे कोणी बघत नाही, मी तिथूनच सुरुवात करतो. आपल्याकडे धावडा उत्तम, नाहीतर बाभूळ. दांड्याच्या टोकाशी लाकडाची वलयं दिसतात, त्यांच्या रेषा पात्याच्या दिशेने उभ्या धावल्या पाहिजेत. आडव्या असतील तर दांडा एक दिवस फाटणार. जाड चकचकीत वॉर्निश टाळ, त्याने तळव्याला फोड येतात आणि खालची चीर झाकली जाते. पाचर घट्ट आहे ना, ते पातं धरून हलवून बघ. उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि पातं खुळखुळू लागतं. मग हमखास कोणीतरी सांगतं, रात्रभर पाण्यात ठेव. ठेवू नकोस. लाकूड फुगून त्या भोकात चेंगरतं आणि वाळलं की पहिल्यापेक्षा सैल होतं. नवी पाचर मार आणि दांड्याला जवसाचं तेल पाज.

एवढं सांगून मूळ प्रश्नावर येतो: तुला कुऱ्हाड कशाला हवी? हे कॅम्पिंगचं खूळ स्वीडन-कॅनडाच्या जंगलांतून आलं. तिथे सूचिपर्णी झाडं, शून्याखालची थंडी. रात्रभर जाळ ठेवायला ओंडके फोडावेच लागतात. सह्याद्रीत वाट अडवतात कारवी, बांबू, वेली आणि करवंदीच्या जाळ्या. त्यांना कुऱ्हाड नाही, कोयता लागतो. कर्जत-मुरबाडकडचे ठाकर, कातकरी कमरेला आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवून हिंडतात, ते उगाच नाही. कोयता घेतलास तर गोणपाटात गुंडाळून, दोरीने आवळून पिशवीच्या तळाशी ठेव. लोकलमध्ये तो कोणाला दिसता कामा नये. पुण्यात कोयते नाचवून दहशत घालणारी पोरं निघाल्यापासून पोलीस त्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

शिवाय तुमचे ट्रेक कुठे, तर हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर. दोन्ही अभयारण्यात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तिथलं लाकूड तोडणं गुन्हा आहे, जंगल धोक्यात येईल असा जाळ करणं हाही. आणि नवी धार बघायची म्हणून आपल्या खाडीकाठच्या तिवरांवर हात चालवू नकोस. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली आहे. कुऱ्हाड चालवायची ती पायथ्याच्या गावात, जिथे उतराल त्या घरच्यांना विचारून, त्यांच्या सरपणावर. तेवढं फोडून दिलंस तर भाकरीही प्रेमाने मिळेल.

राहिला जीव वाचवायचा मुद्दा. आपल्या डोंगरात माणसं जातात ती कड्यावरून पडून, उन्हाने, पाणी संपून, पावसात ओढा ओलांडताना. यातल्या कशावर कुऱ्हाड चालते, सांग बघू. तीन लिटर पाणी, डोक्याला बांधायची बॅटरी, शिट्टी, आणि वाट चुकल्यावर जागेवर बसून राहायचा धीर, यांचं वजन आधी पिशवीत भर. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेव. फोनची बॅटरी गडावर दगा देते.

तरीही मन लागलंच असेल, तर ऑनलाइन मागवू नकोस. पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा सुरू होते, मुरबाडजवळ. गुरांचा बाजार मोठा, घोंगड्या असतात, शेतीची अवजारंही येतात. मानखुर्दहून कुर्ला, तिथून कल्याण, पुढे एसटी. पहिली लोकल धरू. कानस मी घेतो, डबा तू आण, आणि भाव करायला तुझ्या आजीला बरोबर घेऊ. त्या कामात माझा कोणी हात धरत नाही, असं मी म्हणतो. ती म्हणत नाही.

तुझा,
आजोबा